मदत हवी आहे: ही लायका खरी की वेश बदललेली झोर्की?

मंडळी, मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात जर्मन 'लायका २' म्हणून एक कॅमेरा पाहिला. सोनेरी मुलामा, डोक्यावर जर्मन हवाई दलाचं गरुडचिन्ह, लायकाचीच ५० मिमीची एल्मार लेन्स. किंमत ४५ हजार. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे, म्हणून दोन दिवसांची मुदत मागून आलोय.

खारकीव्हमध्ये १९३४ पासून फेड आणि क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८ पासून झोर्की, या लायका २ च्या सोव्हिएत नकला निघाल्या. त्यांवरचं मूळ नाव घासून 'लायका' कोरलेले कॅमेरे बाजारात भरपूर फिरतात, त्यातही सोनेरी आणि लष्करी चिन्हांचे जास्त. म्हणून लेन्स काढून आत पाहिलं. लायकात रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्याच्या टोकाला फिरणारी गोल चकती असते. इथे पाचरीसारखं अखंड टोक आहे. मला तरी ही झोर्कीच वाटते. दुकानदार मात्र म्हणतो, दुरुस्तीत तो भाग बदलला असेल.

असा दांडा खऱ्या लायकात बसतो का? लेन्सही एल्मार नसून झोर्कीवरची सोव्हिएत इंडस्टार-२२ असेल, तर ते कशावरून ओळखायचं? कुणी अशी लायका स्वतः उघडून दुरुस्त केली असेल, तर कृपया सविस्तर सांगा. परवा सकाळी दुकानात जायचं आहे.