नाझिया हसन: गळ्याचं कौतुक जास्तच झालं का?

खरीकॉर्नर: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या रविवारच्या गाणी ऐकायच्या बैठकीचा पुढचा विषय पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसन. माझं मत आधीच सांगतो. ‘कुर्बानी’चं (१९८०) ‘आप जैसा कोई’ गाजलं, पंधराव्या वर्षी फिल्मफेअर मिळालं, त्या कौतुकात गळा किती बेताचा आहे ते कुणी बघितलंच नाही. बैठकीला देवल क्लबात (इथली जुनी शास्त्रीय संगीताची संस्था) कान तयार झालेली मंडळी असतात, दोन ओळींत निकाल लावतील. नीट पारखायचं तर काय ऐकवावं, कसं? तिच्या ‘डिस्को दीवाने’ अल्बमची एलपी (मोठी रेकॉर्ड) आहे, कॅसेटही आहे, पण कॅसेटवर आवाज लई चिरका येतोय.

बेल्टढिला: आधी डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) बघा, मग गळा. चिरका येतोय म्हणजे बहुतेक टेप जोरात पळतेय. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. तो ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, आणि मुळातच कोवळा आवाज पार बाहुलीचा होतो. तेच गाणं एलपीवर लावा, पेटीवर सा धरा, मग कॅसेटशी ताडून बघा. बऱ्याच डेकच्या मोटरला मागं बारीक भोक असतं, आतला स्क्रू केसभर फिरवायचा, एका वेळी जास्त नको. बेल्ट सैल असेल तर उलटं होतं: पट्टी उतरते आणि सूर हेलकावतो. मग ‘बाई बेसूर’ म्हणून मोकळे व्हाल. आवाज दबका असेल तर मात्र हेड स्पिरिटनं पुसा आणि हेडशेजारचा तिरकेपणाचा स्क्रू बघा, पण मूळ जागेवर खूण करूनच.

दोनथर: आता गळ्याचं. हेडफोन लावा आणि ‘जैसा’मधला ‘स’ ऐका, त्याची कड एकेरी नाही. तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली की सुरातले बारीक फरक एकमेकांत बुजतात आणि आवाज जाड होतो. लोक ज्याला मखमली म्हणतात ते बरंचसं हे. ही हातोटी तिच्या गाण्यांचा संगीतकार बिद्दूची, १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ त्यानंच केलेलं. एकेरी आवाज शोधायचा तर ओळींची शेवटची अक्षरं धरा. लांबवताना दम पुरत नाही, सूर किंचित बसतो. मुरकी, खटका असल्या शास्त्रीय हरकती तर नाहीतच. गायिका म्हणून अवास्तव मोठी केली, मान्य. पण लाडिकपणा शून्य! शब्द बोलल्यासारखे टाकते. तेव्हाच्या सिनेमातल्या क्लब-गाण्यांत हे ऐकायला मिळत नव्हतं, आणि हे मशीननं येत नाही.

रंकाळ्याचावारा: @खरीकॉर्नर भावा, गजच चुकीचा लावतोयस. अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात बसून त्यांच्या जयपूर घराण्याचा दमसास डिस्कोकडं मागायचा? तिची तुलना तिच्याशीच कर: ‘डिस्को दीवाने’ (१९८१), ‘यंग तरंग’ (१९८४), ‘हॉटलाइन’ (१९८७), ‘कॅमेरा कॅमेरा’ (१९९२). प्रत्येकातलं एक, त्याच क्रमानं. आवाज पक्का होत जातो आणि गाणी पातळ होत जातात, माझ्या मते खरी गोम इथं आहे. मग शेजारी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ (१९९५) ठेव. संगीत तिथंही बिद्दूचंच, गळा कितीतरी तयार. फरक आपोआप कळतो. २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’ सिनेमातलं ‘डिस्को दीवाने’चं नवं रूप मात्र अजिबात नको, तिथं खालचा ठेकाच बदललाय.

खरीकॉर्नर: चालतंय की. अलिशाची कल्पना झकास. एलपीला सुईचा भार किती ठेवू? आणि अँप्लिफायरचा बास?

बेल्टढिला: भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला भाग) कागदावर असेल तोच, साधारण दीड ते दोन ग्रॅममध्ये येतो. कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल असं वाटतं, पण सुई खाचेत उड्या मारते आणि ‘स’ फाटतो, म्हणजे वर सांगितलेली परीक्षाच बोंबलली. बास सपाट ठेवा. वाढवलात तर ठेका घुमेल आणि आवाजाची कड त्यात बुडेल.