मदत हवी आहे: इंग्रजी मेलमध्ये ‘त्यामुळे’ कसं लिहायचं? अर्जंट!

तुर्भेकरीण, दुपारी ३:४०
मंडळी, पटकन मदत करा. साहेबांनी माझा मेल परत पाठवलाय. म्हणे, “हे वाचून पार्टीला वाटेल आपण मुद्दाम केलं.” अख्ख्या मेलमध्ये ‘मुद्दाम’ हा शब्द नाही! ‘त्यामुळे’ला सो दॅट नाही तर काय म्हणतात? पाचच्या आत मेल जायलाच हवा. एआयला विचारा असं सांगू नका, ऑफिसच्या पीसीवर सगळं ब्लॉक आहे.

ऐरोली नॉटआउट
वाक्य टाका की. वाक्याशिवाय आम्ही काय कपाळ सांगणार?

शब्दवेडी
त्यामुळे = देअरफोर. विषय संपला.

ऐरोली नॉटआउट
देअरफोर भूमितीच्या वहीत. तीन टिंबं काढायचो ते. पार्टीला सिद्धता पाठवायची आहे का?

तुर्भेकरीण
घ्या वाक्य: ‘वुई केप्ट द कंटेनर इन यार्ड सो दॅट इट मिस्ड द व्हेसल. ड्यू टू सर्टिफिकेट वॉज नॉट रेडी.’ सोपं तर आहे. काय चुकलं?

कोपरी पूर्व
ताई, साहेब बरोबर बोलले हो. जहाज चुकावं म्हणून आम्ही कंटेनर यार्डात ठेवला, असा वास येतोय त्याला. सो दॅट वाचलं की माणूस हेतू शोधतो. तुम्हाला नुसता परिणाम सांगायचाय, तर ‘दॅट’ काढा, अलीकडे स्वल्पविराम द्या: ‘…, सो इट मिस्ड द व्हेसल.’

शब्दवेडी
अर्धवट ज्ञान. परिणाम सांगणारा सो दॅटही इंग्रजीत असतो. ‘मिस्ड’ हा साधा भूतकाळ आहे, कॅन-कुड-वुड काही नाही, म्हणजे तिथे परिणामच. ताईंचं वाक्य व्याकरणात बसतं.

कोपरी पूर्व
बसत असेल. पण ज्याचा माल अडकलाय तो चिडून वाचणार. तो कुड नि वुड शोधत बसणार आहे का?

घणसोली गोडाऊन
सर्टिफिकेट कसलं होतं? लाकडी पॅलेटचं का? पॅलेटवर आयएसपीएम १५चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असेल तर लाकडासाठी वेगळं सर्टिफिकेट सहसा लागत नाही. हीट ट्रीटमेंट म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्क्यावर एचटी आहे का बघा आधी.

तुर्भेकरीण
दादा, मी इंग्रजी विचारतेय. हो, पॅलेटचंच होतं, पार्टीनेच मागितलेलं. आता ४:०५ झालेत.

मासुंदाकाठ
आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पण पक्कं असायचं. चुकू नये म्हणून काही केलं तर एकच शब्द: लेस्ट. लेस्ट आला की मागोमाग शूड. त्यात नॉट घातलं की मार्क गेला! सर फळ्यावर लेस्ट लिहून त्याभोवती चौकोन काढायचे. हल्लीच्या पोरांना विचारा लेस्ट म्हणजे काय, कपड्यांची लेस सांगतील.

ऐरोली नॉटआउट
काका, त्यांचं जहाज चुकलंय. लेस्ट चुकायच्या आधी.

शब्दवेडी
आणि ‘ड्यू टू’ने वाक्य सुरू करू नये. ड्यू हे विशेषण आहे, ‘द डिले वॉज ड्यू टू…’ असंच हवं. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच यावर झोडपलंय.

कोपरी पूर्व
१९२६चा दंडुका २०२०च्या पुढे कशाला? आता सगळे सर्रास लिहितात. खरी चूक वेगळी आहे. ड्यू टू किंवा बिकॉज ऑफच्या पुढे नाम लागतं, आपल्या ‘-मुळे’सारखं. ‘उशिरामुळे’ म्हणतो, ‘उशीर झालामुळे’ म्हणतो का? तसंच ‘ड्यू टू सर्टिफिकेट वॉज नॉट रेडी’ होत नाही. अख्खं वाक्य जोडायचं तर बिकॉज.

शब्दवेडी
हे मात्र मान्य.

नेरूळ स्लो लोकल
उशिरा आलो, ट्रान्सहार्बरला गर्दी. ताई, गोंधळाचं मूळ आपला ‘म्हणून’ आहे. ‘पाऊस होता म्हणून छत्री घेतली’ आणि ‘भिजू नये म्हणून छत्री घेतली’, शब्द तोच. पहिल्यात कारण, दुसऱ्यात हेतू, आणि फरक सांगतं क्रियापद: ‘होता’ की ‘नये’. इंग्रजीत तो भार जोडशब्दावरच जास्त पडतो, म्हणून तो चुकला की अर्थ फिरतो.

मी पोरीला शिकवताना एवढंच करतो: स्वतःला आधी ‘का?’ विचार, मग ‘कशाला?’ विचार. कंटेनर का थांबवला? सर्टिफिकेट नव्हतं. तिथे बिकॉज. कशाला थांबवला? कागद बघायला. तिथे टू चेक, किंवा सो दॅट वुई कुड चेक. तुमचं जहाज ‘का’मध्येही बसत नाही आणि ‘कशाला’मध्येही. ते पुढे झालेलं नुकसान आहे. त्याला नुसता सो.

शब्दवेडी
इन ऑर्डर टू विसरलात.

नेरूळ स्लो लोकल
विसरलो नाही, गाळलं. दोन शब्द वाढवून मिळतं काय? टू पुरतं. आणि ‘फॉर टू चेक’ तर कधीच नको, आमच्या ऑफिसात रोज दिसतं. ‘साठी’ला फॉर पाठ असतो ना, तो आपोआप येऊन बसतो.

कोपरी पूर्व
बिकॉजऐवजी सिन्स नको पण. पार्टीला वाटेल तारीख सांगताय, ‘तेव्हापासून’.

तुर्भेकरीण
४:३५. हे बघा: ‘अॅज द सर्टिफिकेट केम लेट, सो वुई हॅड टू होल्ड द कंटेनर टू चेक द पेपर्स, सो इट मिस्ड द व्हेसल.’

कोपरी पूर्व
पहिला सो काढा. आपल्याला ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’ची सवय, इंग्रजीत जोडीतला एकच ठेवतात. आणि जहाजाचं वेगळं वाक्य करा, दम लागतो वाचताना.

तुर्भेकरीण
‘वुई हॅड टू होल्ड द कंटेनर बिकॉज द सर्टिफिकेट केम लेट. बाय द टाइम द पेपर्स वेअर चेक्ड, द कट-ऑफ हॅड पास्ड, सो द कंटेनर मिस्ड द व्हेसल.’

नेरूळ स्लो लोकल
पाठवा. हात लावू नका आता.

मासुंदाकाठ
पुढच्या वेळेची हमी देताना लेस्ट वापरा. छाप पडते.

घणसोली गोडाऊन
शिक्का बघितला का?

तुर्भेकरीण, दुसऱ्या दिवशी ११:१५
साहेबांनी एक शब्द न बदलता मेल पाठवला. सगळ्यांचे आभार, नेरूळदादांचे जास्त. पार्टीचं उत्तर आलंय. उशिराबद्दल एकच ओळ, बाकी पॅलेटवरच्या शिक्क्याचा फोटो मागितलाय. गोडाऊनदादा, आहात का? यार्डातून फोटो मागवला. एचटी स्पष्ट दिसतंय, पण त्याच्या आधीचं आयएन (भारताचं चिन्ह) आणि नंबर पुसट झालेत. मुलगा म्हणतो मार्करने गिरवून देतो. चालेल?

घणसोली गोडाऊन
अजिबात नाही! हाताने काढलेला शिक्का चालतच नाही. त्याच्या हातातून मार्कर घ्या आधी. बाकीच्या पॅलेटचे फोटो मागवा, चारही बाजूंचे. एखाद्या बाजूचा तरी शिक्का नीट उमटलेला असेल.