मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं खत स्वस्तात कसं करावं?

गच्चीवाला_ठाणे:
गच्चीवर चाळीसेक ग्रो-बॅग आहेत. टोमॅटो, मिरची, वांगी, दोन लिंबं आणि थोडी पालेभाजी. भरण माती, कोकोपीट आणि गांडूळखताचं. फिश अमिनो (मासळी गुळात आंबवून केलेलं द्रावण) आणि सीवीड म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काच्या बाटल्या लहान आणि महाग पडतात. मासळी-गूळ घरी करायचं तर नेमकं प्रमाण काय? सोसायटीत वासाची तक्रार येणार नाही ना? आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ आणून वापरता येईल का?

कोकणी_परसबाग:
वास येतो तो प्रमाण चुकल्यामुळे. मासळीचा टाकाऊ भाग आणि गूळ वजनाने सारखे घ्या, एक किलोला एक किलो. डोकी, आतडी, कल्ले कोळणीकडे मागितले की बहुतेक वेळा फुकट मिळतात. त्याच दिवशीचे घ्या. खारवलेली किंवा सुकी मासळी नको, मीठ कुंडीत साठत जातं. कोळंबीची सालं, कुर्ल्यांची कवचंही यात घालू नका. ती विरघळत नाहीत, कंपोस्टमध्ये टाका.

मासळीचे बोटाएवढे तुकडे करा, गूळ किसून घ्या. प्लॅस्टिकच्या बरणीत एक थर मासळी, एक थर गूळ असं भरा. सगळ्यात वर गुळाचा जाड थर हवा. बरणीचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा, नाहीतर फेस उतू जातो. तोंडाला दुहेरी सुती कापड घट्ट बांधा. झाकण पक्कं लावलं तर वायू साठून बरणी फुगते.

पाणी थेंबभरही घालायचं नाही. गुळाचं प्रमाण दाट असतं म्हणूनच सडवणारे जिवाणू वाढत नाहीत. पाणी पडलं की गूळ पातळ होतो आणि मासळी आंबण्याऐवजी कुजते. दुर्गंधी येते ती तिथून.

सावलीत २० ते २५ दिवस लागतात, थंडीत महिनाभर. आंबट-गोड वास आला की गाळून घ्या. बांगडा, तारली असेल तर वर तेल तरंगतं, ते चमच्याने काढून टाका. ते पंपाची नोझल तर अडवतंच, शिवाय पानांवर डाग पाडतं. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये खोल पुरा, वरवर ठेवला तर मांजरं आणि घुशी उकरतात.

फवारणीला लिटरला २ ते ३ मिली, मुळाशी ओतायला ५ मिली, पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी. किलोभर गुळाचे पन्नास-साठ रुपये धरले तरी लिटरभर फवारणी वीस पैशांच्या आत पडते.

गच्चीवाला_ठाणे:
वर पांढरी बुरशी आली तर फेकून द्यायचं का? अळ्या झाल्या तर?

कोकणी_परसबाग:
पांढरा पातळ थर चालतो, ढवळून आत मिसळा. काळी-हिरवी बुरशी आणि कुजका वास असेल तर गूळ कमी पडलाय. मूळ गुळाच्या पाव भाग आणखी घाला आणि नीट ढवळा. अळ्या म्हणजे कापड सैल आहे.

मृदा_अभ्यासक:
वरचं प्रमाण बरोबर आहे. फक्त यावर विसंबून शेणखत-गांडूळखत बंद करू नका, हे द्रावण फार सौम्य असतं. त्यातून मुख्यतः नत्र (नायट्रोजन) मिळतं, पालाश (पोटॅश) नगण्य. टोमॅटो-मिरचीला फुलं लागल्यावरही देत राहिलात तर नुसता पाला वाढेल आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा कीड येईल. फुलोऱ्यापासून महिन्यातून एकदाच पुरे, पालाशसाठी कुंडीमागे चमचाभर लाकडाची राख. राख आणि मासळीचं द्रावण एकाच दिवशी मात्र देऊ नका. राख अल्कधर्मी असते, अमोनिया उडून जातो.

आता शेवाळ. ते खत कमी आणि उत्तेजक जास्त. नत्र-स्फुरद (फॉस्फरस) नाममात्र, थोडं पालाश, आणि मुळं फुटायला मदत करणारी संप्रेरकं. म्हणून खतासारखं भरपूर घालण्यात अर्थ नाही. वाहून आलेलं शेवाळ चालतं, पण खडकावरचं जिवंत उपटू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून तर काहीच आणू नका. वाळू झटकून गोड्या पाण्यात तीनदा धुवा, प्रत्येक वेळी पाणी बदला. नाहीतर सोडियम साचतो आणि पानांच्या कडा करपतात. सुकवून, चुरून कंपोस्टमध्ये घाला, दहा भागाला एक भाग. आपल्या किनाऱ्यावर येणारं तपकिरी सार्गासम आर्सेनिक साठवतं, त्यामुळे पालेभाजीच्या कुंड्यांत दरवर्षी नको. लिंबाला, फुलझाडांना वापरा.

चाळीस बॅगांना खरं तर शेवाळाचा विकतचा, पाण्यात विरघळणारा अर्कच स्वस्त. काळे चपटे कण मिळतात ते घ्या, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, त्यामुळे शंभर ग्रॅमचं पाकीट शंभर लिटरला तरी पुरतं. पातळ बाटलीत तुम्ही पाण्याचेच पैसे देता. पाकिटावर शेवाळाची जात आणि अर्काचं प्रमाण छापलेलं नसेल तर घेऊ नका.

गच्चीवाला_ठाणे:
दोन्ही एकत्र फवारले तर?

मृदा_अभ्यासक:
बाजारातले बरेच अर्क पोटॅशने काढलेले, अल्कधर्मी असतात, आणि मासळीचं द्रावण आंबट. एकत्र केल्यावर कधी साका धरतो. काचेच्या ग्लासात आधी थोडं मिसळून तासभर ठेवून बघा. गाळ बसला तर आठवड्याच्या अंतराने वेगवेगळं द्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. तयार फवारणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ती नासते.