अनुभव धागा: घरातल्या माणसाची उस्तवार

अंथरुणाला खिळलेल्या, विसरत चाललेल्या माणसाचं सगळं करणारे आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. भेटायला येणारे 'पुण्य लागेल हो' म्हणत चहा पिऊन जातात. त्या पुण्याचं राहू द्या. माया, चीड, कंटाळा, हात कामात असताना मनात काय चालतं, ते लिहा. नावं नकोत. औषधं डॉक्टरांना विचारा, युक्त्या मात्र जरूर सांगा.

बाळीवेस, मुलगा
बाबांना पार्किन्सन्स. इष्टलिंगाची, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या गळ्यातल्या लिंगाची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही, पण लिंग डाव्या तळहातावर धरायचं आणि नेमका तोच हात थरथरतो. गोळीचा अंमल चढला की जरा सवड मिळते, तेवढ्यात पूजा. त्यांच्या तळहाताखाली माझा तळहात धरून बसतो. ते लिंगाकडे बघतात, मी त्यांच्या अंगठ्याकडे. नखाजवळ विभूती अडकलेली असते, ती हलायची थांबली की समजायचं, लागली तंद्री. फोन वाजला तर वाजतो.
बाराव्या शतकात आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर तळं खोदत होते, तेव्हा शरण संत अल्लमप्रभू आले आणि माती खणण्यात कसला योग, म्हणून त्यांना डिवचलं, ही कथा लहानपणापासून ऐकतोय. बाबा कायम खणणाऱ्याच्या बाजूचे. मी तेव्हा अल्लमप्रभूंच्या बाजूनं वाद घालायचो. आता घालत नाही.

अशोक चौक, बायको (मुलीनं लिहून दिलंय)
मालकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी विड्या वळते. तंबाखूचा वास त्यांना सोसत नसंल म्हणून विड्यांचं सूप घेऊन दारात बसायला लागले, तर हे डाव्या हातानं खाट वाजवायले. मग आतच बसले, खाटेला पाठ लावून. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ठरलेली बंडलं झाली की उठायचं, घड्याळ लागत नाही.
विचार कसला करणार की ओ. पान कातरताना एकच आठवतं, मी तापानं पडले की हे म्हणायचे, 'पड तू, भाकरी आणतो बाहेरनं.' करायला कधी बसले नाहीत, आणली मात्र.

होटगी रोड, रात्रपाळीचा केअरटेकर
पगारी माणसानं लिहिलं तर चालेल ना? आजोबा निवृत्त मास्तर, डिमेन्शिया. दिवस मावळला की घालमेल सुरू, 'शाळेला उशीर होतोय' म्हणत कडी काढायला जातात. समजूत घातली की भांडण. म्हणून मी 'हजर, सर' म्हणतो. ते खुर्चीत बसून माझे पाढे घेतात. एकोणतीसचा मला येत नाही. मुलं परदेशात, वाईट नाहीत, व्हिडिओ कॉल करतात. पण कान धरायला मीच जवळ असतो.

जुळे सोलापूर, मुलगी
आपली सोलापुरी चादर दुमडून कमरेखाली घाला, वर जुनं मऊ धोतर, कारण चादर टोचते. दोघांनी दोन कडा गुंडाळून धरल्या की माणूस फरफटत न ओढता वर सरकवता येतो, कातडी सोलत नाही. एप्रिल-मेमध्ये प्लास्टिक थेट अंगाखाली नको, घामानं पाठ भिजते. नळाला पाणी रोज येत नाही, धोतरं जास्तीची ठेवा. करुणेबद्दल नंतर लिहीन, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

विजापूर रोड, सून
थोडं उलटं लिहिते. सासूबाईंनी माझ्या माहेरच्यांना कधी धड पाणी विचारलं नाही. आता त्यांना नळीनं भरवते. डोक्याकडची बाजू उंच करायची, भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न छातीत जायची भीती. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघीच. मी मनात जुना हिशेब काढते, त्या माझ्याकडे बघत असतात. माया आली असं खोटं सांगणार नाही. पण त्यांच्या पाठीवर लाल डाग दिसला, त्या दिवशी नणंदेला जे बोलले ते स्वतःच्या आईसाठीही बोलले नसते.
यंदा गड्ड्याच्या जत्रेला जाणार आहे. एकटी. मोठ्या पाळण्यात बसायचंय. तेवढ्या वेळासाठी नणंदेनं नळीनं भरवायला शिकून घ्यावं. इथं लिहितेय, कारण फोन उचलत नाही, पण हे सगळं वाचते ती.