मेंढीचोर निघाले ऑस्ट्रेलियाला: पोटासाठी चोरी की चोरीचाच धंदा?

नांगरफाळ (धागाकर्ता)
परवा क्रिकेट बघताना एकजण म्हणाला, "चोरांचाच देश तो, चेंडू कुरतडणारच!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र ते हसू खुपायला लागलं.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन-आयर्लंडातून एक लाख साठ हजारांवर कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले गेले. मला त्यातल्या खेड्यातल्या माणसांबद्दल बोलायचंय. त्या काळात तिकडे गायरानं, सरपणाची रानं कुंपणं घालून बड्या जमीनदारांच्या घशात चालली होती. सशाची, तितराची शिकार करायची तर १८३१ पर्यंत वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन नावावर लागे. त्यामुळे आपल्याच शेतात शिरलेला ससा मारला तरी लहान शेतकरी गुन्हेगार! १८२८ च्या कायद्याने रात्रीच्या चोरट्या शिकारीत तिसऱ्यांदा सापडणाऱ्याला सात वर्षं समुद्रापार पाठवता येई. मेंढी चोरली तर १८३२ पर्यंत फाशी, आणि न्यायाधीशाला दया आली की हद्दपारी. हे कायदे करणाऱ्या संसदेत बसत कोण होतं? ज्यांच्या रानात ससे होते, तेच. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावचे सहा शेतमजूर बघा. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली, सहावर येणार होती, म्हणून त्यांनी संघटना केली. गुपित शपथ घेतल्याचं निमित्त करून १८३४ मध्ये सहाही जणांना सात वर्षांची हद्दपारी ठोठावली.

माझं म्हणणं एवढंच की पहिली चोरी वरून झाली.

खडूस कारकून
धागा चोरांचा आणि पुरावा म्हणून आणलेत टॉलपडलचे सहा जण, ज्यांनी सुतळीचा तोडासुद्धा चोरला नव्हता. वकिली छान आहे, पण अशील बदललंत.

खरा गावाकडचा चोर हवा तर इंग्लंडातल्या सफोकचा हेन्री केबल घ्या. बाप आणि आणखी एक साथीदार यांच्यासह मालकीण घरी नसताना घर धुऊन नेलं. १७८३ मध्ये बाप आणि साथीदार फासावर गेले, पोरगा कोवळा म्हणून फाशीतून वाचला आणि हद्दपार झाला. यात गायरान कुठे आलं? लॉइड रॉबसन या इतिहासकारांनी कैद्यांच्या नोंदींचा नमुना घेऊन मोजणी केली, तर निम्म्याहून जास्त जणांना आधीही शिक्षा झालेली निघाली. बहुतेक चोर शहरी होते, तेही सांगून टाकतो.

आणि ज्याची मेंढी गेली त्याचं काय? १८३९ पूर्वी इंग्लंडच्या खेड्यात पगारी पोलीस जवळपास नव्हतेच. खटला फिर्यादीने स्वतःच्या खर्चाने चालवायचा. म्हणून गावोगावचे शेतकरी वर्गणी काढून चोर पकडायची मंडळं चालवत. दहा-बारा मेंढ्यांतली एक गेली की त्या घराचा हिवाळा कसा जाईल, हे लॉर्डसाहेबांच्या सशाच्या गोष्टीत बसत नाही. माझ्या मामांकडे शेळ्या होत्या. एक चोरीला गेली तेव्हा मामी तीन दिवस धड जेवली नव्हती.

नांगरफाळ
कारकूनसाहेब, मामींचा मुद्दा मान्य. टॉलपडलचं उदाहरण भलतीकडे गेलं, तेही मान्य. पण शिक्षेचं माप बघा ना. एका मेंढीला जन्मभराची हद्दपारी? सात वर्षांची शिक्षा संपली तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. शेतमजूर कुठून आणणार? म्हणजे कागदावर सात, आणि प्रत्यक्षात कायमचं.

सांजवात
मागे राहिलेल्यांवर कोणीच बोलत नाहीये. नवरा जिवंत, पण बायकोला सौभाग्य ना वैधव्य. पोरं गावच्या धर्मादाय मदतीवर. आपल्याकडे 'काळ्या पाण्यावर गेला' म्हणजे मेल्यातच जमा धरायचे, तसंच. अंदमानची कैदी वसाहत १८५८ ची आणि ऑस्ट्रेलियाला शेवटचं कैदी जहाज १८६८ मध्ये पोचलं. दहा वर्षं दोन्हीकडची दुकानं एकदमच चालू होती.

गवतीचहा
+१ सांजवात.

हॅरिसपार्कची काकू
मंडळी, सिडनीला आलात की हॅरिस पार्कात चाट-डोसे खायला येता ना? तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक जुनं बसकं घर आहे, 'एक्सपेरिमेंट फार्म'. तुमच्या वादातला माणूस तिथलाच. जेम्स रूस, कॉर्नवॉलचा, शेतीकाम येणारा. १७८२ मध्ये घरफोडीत सात वर्षं. १७८८ ला कैदी घेऊन आलेल्या पहिल्याच ताफ्यातून आला. मुदत भरली तेव्हा शिक्षेचे कागद इंग्लंडातच राहिलेले, त्यामुळे 'सुटलो' हे सिद्ध करायची पंचाईत. वसाहत उपाशी होती, म्हणून गव्हर्नर फिलिपने त्याला दीड एकर देऊन म्हटलं, पिकवून दाखव. त्याने राब जाळून, राख मातीत मिसळून, ढेकळं फोडून पीक काढलं. १७९१ मध्ये तीस एकर नावावर झाले.

आता 'चोराला जमीन मिळाली, म्हणजे भलंच झालं' असं म्हणायला कोणी येईल, म्हणून पुढचं सांगते. दोनच वर्षांत त्याने ती जमीन जॉन हॅरिस नावाच्या डॉक्टरला चाळीस पौंडांना विकली. उपनगराला नाव डॉक्टरचं. रूस म्हातारपणी दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादमी करत होता. नांगरफाळ, हे तुमच्या बाजूचं.

पण ते तीस एकर आले कुठून? ते शेत ज्या पॅरामॅटा भागात होतं, त्याचं नावच तिथल्या मूळ रहिवासी बुरामट्टागल लोकांवरून पडलंय. त्यांच्याकडून ना खरेदीखत, ना विचारणा. आणि १७८९ च्या देवीच्या साथीत सिडनीच्या आसपासचे मूळ रहिवासी पटापट मेले. तुम्ही दोघं मेंढीवर भांडताय, इथे अख्खा मुलूख गेला. २६ जानेवारीला आम्ही एकीकडे झेंडावंदन करतो आणि गावात त्याच दिवशी, म्हणजे ब्रिटिशांनी इथे वसाहत मांडली त्या दिवशी, मूळ रहिवाशांच्या बाजूने मोर्चे निघतात, तेव्हा मला दर वर्षी अवघडल्यासारखं होतं.

खडूस कारकून
काकू, इथे मी गप्प. केबलचं उरलेलं मात्र सांगतो, नाहीतर धागाकर्ते म्हणतील दडवलं. तुरुंगात जमलेल्या सुसाना होम्सबरोबर तो तान्ह्या पोराला घेऊन निघाला. इंग्लंडातल्या लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणीतून घेतलेलं सामान जहाजावर गहाळ झालं. इंग्लंडच्या कायद्यात फाशी ठरून वाचलेल्या असल्या कैद्याला दावा लावता येत नसे. १७८८ मध्ये सिडनीत त्यांनी थेट कप्तानावर लावला आणि पंधरा पौंड मिळवले. वसाहतीतला पहिला दिवाणी दावा, वादी कोण तर घरफोड्या! वस्तू चोरीला गेल्याची तक्रार घेऊन!

नांगरफाळ
हाहा, हे भारी. काकू, रूसची काही खूण उरलीय का तिथे?

हॅरिसपार्कची काकू
सिडनीजवळच्या कॅम्पबेलटाउनला थडगं होतं, १८३७ चं. मजकूर त्याने स्वतःच कोरला म्हणतात. आईने प्रेमाने वाढवलं आणि या मुलखात पहिलं धान्य मी पेरलं, असं लिहिलंय. घरफोडीचं अक्षर नाही. शुद्धलेखनाच्या चुका मात्र ओळीओळीला.