मदत हवी आहे : माशी पायाने चव घेते हे दाखवायचंय, पण ती साध्या पाण्यालाही सोंड काढतेय

काकाश्री

नमस्कार मंडळी. पुतणीने विज्ञान प्रदर्शनासाठी 'कीटक पायांनी चव घेतात' हा विषय घेतलाय आणि मदतीला मला धरलंय. घरमाशी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून सुस्त केली, पाठीवर मेणाचा ठिपका देऊन टूथपिकला चिकटवली, तरतरीत झाल्यावर पुढचे पाय साखरेच्या पाण्याला टेकवले तर लगेच सोंड बाहेर! पुतणी तर नाचायलाच लागली. पण मग साध्या पाण्याला टेकवले तरी सोंड तशीच बाहेर येते, म्हणजे चवीचं काय सिद्ध झालं, पाय ओले झाले की काढते असं कोणीही म्हणेल आणि परीक्षक तर म्हणणारच.

शिवाय पुतणीचा प्रश्न असा की चव पायावरच्या केसांना कळते म्हणतात, पण आपल्या डोक्यावरच्या केसाला कुठे काय कळतं? मला काही सांगता येईना. जाणकारांनी प्लीज मदत करा, प्रदर्शन तोंडावर आलंय.

चतुर

माशी तहानलेली आहे, बाकी काही नाही. आधी तिला साधं पाणी पोटभर पाजा, थेंब सरळ सोंडेलाच लावा, ती प्यायची थांबेपर्यंत. मग पाय साध्या पाण्याला टेकवा, सोंड आत राहील, आणि त्यानंतर लगेच साखरेच्या पाण्याला टेकवा. दोन्ही वेळी पाय ओलेच, मग फरक कशाचा ते परीक्षकांना विचारा :) खायला मात्र आदल्या दिवसापासून काही द्यायचं नाही, पाणी चालेल. पोट भरलेली माशी गोडालाही फारशी दाद देत नाही.

आता केस. तो आपल्या केसासारखा नसतोच, आतून पोकळ असतो आणि टोकाला एक बारीक छिद्र असतं. बुडाशी चेतापेशी बसलेल्या असतात, त्यांचे तंतू पोकळीतून वर पार छिद्रापर्यंत जातात आणि भोवती द्रव असतो. साखर छिद्रातून आत शिरली की तंतूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ती ओळखणाऱ्या रेणूला, चिकटते आणि पेशी सिग्नल सोडते. ब्लोफ्लाय म्हणून मोठी चकचकीत माशी असते, तिच्या अशा केसांवर भरपूर काम झालंय. एका केसात चवीच्या चार पेशी, त्यातली एक साखरेची, एक पाण्याची, बाकीच्या मुख्यतः क्षारांना दाद देणाऱ्या, आणि शिवाय पाचवी पेशी निव्वळ स्पर्शाची, केस वाकला की कळवते. म्हणजे तुमची माशी पाण्याला सोंड काढत होती ती पण चवच होती बरं का! नुसतं 'ओलं लागलं' एवढंच नाही.

मुक्ता_नि

पण हे पायाला कळतंय की वासाने, ते कसं ठरवायचं? मला तरी ही शंका आली असती.

चतुर

चांगली शंका आहे. थेंब पायाच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, सोंड निघणार नाही. वासाच्या केसांच्या भिंतीत असंख्य छिद्रं असतात, हवेतले रेणू कुठूनही आत जातात. चवीच्या केसाला छिद्र फक्त टोकाला, त्यामुळे टेकल्याशिवाय काम होत नाही. १९५५ साली हॉजसन, लेटविन आणि रोडर या शास्त्रज्ञांनी पेशीचा सिग्नल टिपायला याचाच फायदा घेतला. द्रावणाने भरलेली बारीक काचेची नळी केसाच्या टोकावर बसवली, तेच द्रावण चव पण द्यायचं आणि विजेचा सिग्नल पण वाहून न्यायचं. इतकी साधी युक्ती की आजही वापरतात, मला तर कमाल वाटते.

पानफुटी

फक्त माशीवर थांबू नका, चार्टवर फुलपाखरू पण टाका. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराची मादी अंडी घालण्याआधी पानावर पुढचे पाय थडाथड आपटते, मोहरी-कोबीच्या कुळातली विशिष्ट रसायनं पायाला लागली तरच अंडी घालते, कारण अळ्यांना दुसरं काही चालत नाही. आणि डास पळवायला अंगाला लावतात ते डीट नावाचं रसायन माहितीये ना, ते लावलेल्या त्वचेवर डास टेकला तर पायांनाच ते कळतं आणि उडून जातो, २०१९ मध्ये हे प्रयोगातून दाखवलंय.

काकाश्री

चतुर, पाण्याची युक्ती चालली!! साध्या पाण्याला ढिम्म, साखरेला लगेच सोंड. पण आता नवीन भानगड, पाच-सहा वेळा साखर टेकवली की मग साखरेलाही काही करत नाही. थकते का?

चतुर

थकत नाही, सवय होते. परत परत गोड लागतंय पण तोंडात काही पडत नाही, तर प्रतिसाद कमी कमी होत जातो. दोन वेळांमध्ये अंतर ठेवा आणि दर वेळी पाय साध्या पाण्यात बुडवून धुवा, नाहीतर आधीची साखर पायावर राहते. प्रदर्शनाला दोन-तीन माश्या तयार ठेवा आणि आलटून पालटून वापरा. जमलं तर साखरेच्या पाण्यात भरपूर मीठ घालून पण दाखवा, सोंड काढायला माशी कां कूं करेल.