मोकळीक हवी, पण ठरवायला नको

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की माणसाला मुळात पूर्ण मोकळीकच हवी असते. मला नाही पटत. अवयवदानाचंच बघा. २००३ साली जॉन्सन आणि गोल्डस्टाइन या संशोधकांनी युरोपातले आकडे मांडले होते. जर्मनीत संमती सुमारे १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात जवळपास १००! निवडीची मुभा दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की जर्मनीत होकार कळवावा लागे आणि ऑस्ट्रियात नकार. (प्रत्यक्ष दानाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांनाही विचारतात, तो मुद्दा वेगळा.) यावरून मला तरी वाटतं, बहुतेकांना ठरवण्याची कटकटच नको असते. मग आपण गप्प बसलो तर होकार धरायचा की नकार, हे कुणी ठरवायचं? त्यावर इथे अजून कुणीच बोललेलं नाही.